शेजारच्या बँकेपुढची रांग

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, निर्बंध लादले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील, असा तो आदेश होता. बँकेच्या शाखा १३७ आणि ठेवी ११,६०० कोटींच्या वर. पीएमसीच्या दारात गर्दी झाली यात नवल नव्हतं. पण त्यानंतरच्या आठवड्यात, पीएमसीशी एका रुपयाचाही संबंध नसलेल्या सहकारी बँकांतले ठेवीदारही धास्तावले. काही बँका कायमच्या बंद होणार असल्याचे मेसेज मोबाइलवर फिरू लागले. शेवटी १ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेला जाहीर खुलासा करावा लागला की काही ठिकाणी सहकारी बँकांसह काही बँकांबद्दल अफवा पसरल्या आहेत, बँकिंग व्यवस्था सुरक्षित आहे, घाबरून जाऊ नका.

अशा वेळी बहुतेक बँका शाखेच्या दारावर एकच फलक लावतात: ‘अफवांवर विश्वास ठेवू नये.’ तो वाचून रांगेतला माणूस घरी जात नाही. एका संस्थेची बदनामी दुसऱ्या संस्थेपर्यंत पोहोचते त्याच्या वाटा ठरलेल्या असतात: पैशाची, नावाची, माणसांची आणि यंत्रणेची. ज्या वाटेने शंका आली, त्याच वाटेवरचं उत्तर ठेवीदाराला लागतं. दुसरं कुठलंही उत्तर कितीही मोठ्या अक्षरांत लावलं तरी वाया जातं. देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी जवळपास एक तृतीयांश आपल्या महाराष्ट्रात आहेत आणि पतसंस्था तर हजारोंनी आहेत. त्यामुळे हा विषय आपल्याकडे जितका घरोघरी पोहोचतो तितका दुसरीकडे क्वचितच.

पैशाची वाट सर्वांत खरी, आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. मार्च २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक शेअर दलालांना दिलेल्या कर्जांपायी कोसळली. गुजरातमधल्या अनेक नागरी सहकारी बँकांनी आपला जादा पैसा चांगल्या व्याजाच्या आशेने तिच्याकडे ठेवला होता. माधवपुरा अडकली तशा त्या बँकाही अडचणीत आल्या आणि त्यांच्या ठेवीदारांनी रांगा लावल्या. त्या रांगा अज्ञानातून लागलेल्या नव्हत्या, ठेवीदारांची शंका रास्त होती. बदनामीची झळ सहकाराबाहेरही गेली. माधवपुराने दिलेल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डर बँक ऑफ इंडियाने वटवल्या होत्या, त्या परत आल्या आणि एका सरकारी बँकेचं नाव या प्रकरणात कायमचं जोडलं गेलं.

यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांनी एकमेकांकडे ठेवी ठेवण्यावर बंदी घातली. पुढे ती थोडी सैल करून, सक्षम शेड्यूल्ड नागरी बँकांना इतर लहान नागरी बँकांच्या ठेवी मर्यादेत घ्यायला परवानगी दिली. आज नियम असा आहे की नागरी बँकेने इतर सर्व बँकांत मिळून आपल्या एकूण ठेवींच्या २० टक्क्यांपर्यंतच रक्कम ठेवायची आणि कुठल्याही एका बँकेत ५ टक्क्यांपर्यंतच.

हा ५ टक्क्यांचा नियम पाळला म्हणजे आपण सुरक्षित, असा अनेक संचालक मंडळांचा समज असतो. आकडे मांडून बघा. समजा बँकेच्या ठेवी २०० कोटी आहेत. एका बँकेत ५ टक्के म्हणजे १० कोटी. आता या बँकेचा स्वनिधी, म्हणजे भाग भांडवल आणि राखीव निधी मिळून, १८ कोटी असेल तर ती एक बँक अडकल्यावर अर्ध्याहून अधिक स्वनिधीवर प्रश्नचिन्ह लागतं. मर्यादा ठेवींवर मोजली जाते, फटका मात्र स्वनिधीला बसतो. म्हणून मंडळाने स्वतःसाठी दुसरी, कडक मर्यादा ठरवून घ्यावी: कुठल्याही एका संस्थेत स्वनिधीच्या ठरावीक टक्क्यांहून अधिक रक्कम नको. माझ्या मते १५ टक्क्यांच्या वर जाण्याचं कारण लहान बँकेला नाही. अर्धा-पाऊण टक्का जादा व्याज देणाऱ्या बँकेकडे पैसा ठेवताना तर ती जादा व्याज का देते, हे आधी विचारायला हवं.

पीएमसीच्या बाबतीत या वाटेची लांबी दिसली. एचडीआयएल या बांधकाम कंपनीला दिलेली सुमारे ६,५०० कोटींची कर्जं हजारो बनावट खात्यांच्या आड लपवलेली होती. कंपनी बुडाली तशी बँक अडकली. बँकेत ज्या पतसंस्थांच्या आणि इतर संस्थांच्या ठेवी होत्या त्या अडकल्या, आणि त्या पतसंस्थांचे सभासद आपल्या संस्थेच्या दारात आले. या सभासदांपैकी बहुतेकांचा एचडीआयएलशी काडीचा संबंध नव्हता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. वैयक्तिक ठेवीदारांना ५ लाखांपर्यंतची विम्याची रक्कम आधी आणि उरलेली टप्प्याटप्प्याने दहा वर्षांपर्यंत, अशी योजना झाली. संस्थात्मक ठेवीदारांच्या वाट्याला मात्र वेगळं आलं: विमा नसलेल्या रकमेपैकी ८० टक्के वर्षाला १ टक्का लाभांशाच्या कायमस्वरूपी प्रेफरन्स शेअरमध्ये आणि २० टक्के वॉरंटमध्ये, म्हणजे पुढे शेअर मिळण्याच्या हक्कपत्रांत, बदलले गेले. पतसंस्थेच्या ताळेबंदात कालपर्यंत ‘बँकेतील मुदत ठेव’ असं लिहिलेली रक्कम अशी होऊन बसली, तर तिच्या सभासदांना ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ कसं सांगणार?

नावाची वाट त्यामानाने उथळ, पण वेगवान. आपल्याकडे जनता, नागरिक, मर्चंट्स, अर्बन, महिला हेच शब्द शेकडो संस्थांच्या नावात आहेत. एका गावातली ‘अर्बन’ अडचणीत आली की शेजारच्या तालुक्यातल्या ‘अर्बन’च्या मॅनेजरचा फोन वाजायला लागतो. यात भर पडते ती दंडाच्या बातम्यांची. रिझर्व्ह बँक सहकारी बँकांवरच्या दंडाची प्रसिद्धिपत्रकं वरचेवर काढते. पुष्कळदा दंड लाख-दोन लाखांचा असतो, कारण केवायसी किंवा एखाद्या विवरणपत्राशी निगडित असतं, आणि पत्रकातच म्हटलेलं असतं की बँकेच्या ग्राहकांशी झालेल्या व्यवहारांच्या वैधतेवर यातून काही भाष्य करायचं नाही. बातमीचा मथळा मात्र ‘रिझर्व्ह बँकेची पाच सहकारी बँकांवर कारवाई’ असा येतो. पाच नावांत एकीचा परवाना रद्द झालेला असतो आणि चौघींना किरकोळ दंड. वाचणाऱ्याला पाचही सारख्याच वाटतात. दंड झालेल्या बँकेने त्याच दिवशी, दंडाची रक्कम, कारण, ती चूक कुठल्या वर्षीच्या तपासणीतली होती आणि आता काय सुधारलं आहे, हे चार ओळींत शाखेत लावावं. लपवलं तर ते ग्राहकाला शेजारच्या बँकेतून कळतं.

नावाच्या गोंधळावर उतारा सोपा आहे: पूर्ण नोंदणीकृत नाव, मुख्य कार्यालयाचं गाव आणि ‘वरील संस्थेशी आमचा कोणताही आर्थिक व्यवहार नाही, तिच्याकडे आमची ठेव नाही, आम्ही तिला कर्ज दिलेलं नाही’ ही तीन वाक्यं. ती खरी असतील तरच. तीनपैकी एक खरं नसेल तर ते गाळून उरलेली दोन लिहू नयेत. गाळलेली जागा लोकांना बरोबर दिसते. त्याऐवजी रक्कम लिहावी.

माणसांची वाट जास्त खोल जाते. पीएमसीचे अध्यक्ष पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. हे बाहेर आल्यावर प्रत्येक सहकारी बँकेबद्दल लोक विचारायला लागले की आमच्या बँकेच्या संचालकाचा कुठल्या बिल्डरशी संबंध आहे. पीएमसीच्या लेखापरीक्षकांना अटक झाली, तेव्हा इतर बँकांच्या सभांत त्यांच्या लेखापरीक्षकांबद्दल प्रश्न येऊ लागले. प्रश्न अगदी योग्य होते.

बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेटचं, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेचं, उदाहरण मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. २०२३ मध्ये संबंधित उद्योगसमूहाच्या कंपन्यांवर आयकराचे छापे पडल्याची बातमी आली आणि ज्ञानराधाच्या शाखांपुढे रांगा लागल्या. छापा कंपनीवर होता, संस्थेवर नव्हता. पण दोन्हीकडे माणसं तीच, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पैसे देणं थांबलं, पुढे गुन्हे दाखल झाले, सक्तवसुली संचालनालय आलं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या इतर काही मल्टीस्टेटही त्याच काळात अडचणीत आल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रांग चांगल्या संस्थेलाही त्रास देते हे खरं, पण जिथे पैसा आतून पोखरलेला असतो तिथे तो रांगेमुळेच उघडा पडतो. त्यामुळे संस्था बुडाल्यावर ‘बदनामीमुळे बुडालो’ असं सांगणाऱ्या संचालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: कर्जं कोणाला दिली होती?

संचालकाने किंवा त्याच्या नातेवाइकाने चालवलेला धंदा, त्याच्या धंद्याच्या जाहिरातीत बँकेचं नाव, बँकेच्या कार्यक्रमात त्याच्या प्रकल्पाचे फलक, एकाच इमारतीत दोघांची कार्यालयं. चांगल्या दिवसांत या गोष्टी भूषणाच्या वाटतात. वाईट दिवशी लोक याच खुणांवरून नातं जोडतात. शाखेच्या भिंतीवरचे असले फलक आजच उतरवावेत, खर्च काही नाही.

यंत्रणेची वाट नवी आहे आणि जुन्या पिढीच्या संचालकांना ती लवकर दिसत नाही. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले, महिन्याभरासाठी ५०,००० रुपयांची मर्यादा लागली. त्याच रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्याचे यूपीआय व्यवहार येस बँकेमार्फत चालत होते. फोनपे वापरणाऱ्या ज्या भाजीवाल्याचं खातं भलत्याच बँकेत होतं, त्याचाही धंदा अडला. फोनपेने घाईने दुसऱ्या बँकेशी जोडणी करून सेवा सुरू केली. पण त्यानंतर खासगी बँकांकडेच संशयाने पाहिलं जाऊ लागलं. महाराष्ट्रासह काही राज्य सरकारं आपली खाती खासगी बँकांतून हलवायला निघाली आणि असं करू नका, हे रिझर्व्ह बँकेला राज्यांना लिहून कळवावं लागलं.

३१ जुलै २०२४ ला याच वाटेने वेगळा धक्का आला. अनेक लहान बँकांना संगणक सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआयसारख्या व्यवहारांची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिची जोडणी तोडली, आणि सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएमसारखे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. या बँकांनी काहीही चूक केलेली नव्हती. ग्राहकाच्या मोबाइलवर मात्र ‘तुमच्या बँकेकडून प्रतिसाद नाही’ एवढंच दिसत होतं.

लहान सहकारी बँका आरटीजीएस, एनईएफटी, चेक क्लिअरिंग बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या बँकेच्या उपसदस्य म्हणून करतात. म्हणजे त्या मोठ्या बँकेवर निर्बंध आले किंवा तिची यंत्रणा बसली की तुमच्या ग्राहकाचे पैसेही वाटेत थांबतात. यावर तीन गोष्टी कराव्यात. शक्य असेल तर थेट सदस्यत्व घ्यावं. ते परवडत नसेल तर दुसऱ्या बँकेशी करार करून, चाचणी घेऊन, तो तयार ठेवावा. नुसता कागदावरचा करार ऐन वेळी चालत नाही, कारण जोडणीला आणि चाचणीला वेळ लागतो. तिसरं म्हणजे या मोठ्या, म्हणजे प्रायोजक, बँकेच्या खात्यात रोजच्या क्लिअरिंगला लागेल तेवढीच रक्कम ठेवावी, उरलेला पैसा दुसरीकडे.

बँकेच्या ग्राहकांचे जे धंदे असतात त्यांच्यापर्यंत बदनामी कशी जाते, याकडे वर्तमानपत्रांचं लक्ष नसतं. निर्बंध लागलेल्या बँकेत ज्या दुकानदाराचं कॅश क्रेडिट खातं आहे, त्याची मर्यादा शिल्लक असूनही त्याला उचल मिळत नाही, कारण नवं कर्ज आणि नूतनीकरण रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय करता येत नाही. त्याने पुरवठादाराला दिलेला चेक परत जातो. पुरवठादार कारण वाचत नाही, ‘चेक परत आला’ एवढंच बाजारात सांगतो. म्हणून अशा दुकानदाराने त्याच दिवशी बँकेकडून लेखी पत्र घ्यावं की चेक खात्यात पैसे नसल्यामुळे नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे परत गेला. त्याची प्रत प्रत्येक पुरवठादाराला पाठवावी, शक्य तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यातून द्यावी आणि उरलेल्या रकमेची तारीख कळवावी. जीएसटीसाठी नोंदवलेलं खातं, भविष्य निर्वाह निधीचा भरणा, कर्जाचे हप्ते कापण्याचं एनएसीएच, विम्याचे हप्ते हे सगळं आठवड्याच्या आत दुसऱ्या बँकेवर वळवावं. एक हप्ता चुकला तरी पतनोंदीत तो तुमच्या नावावर लागतो, बँकेच्या नाही. त्याच बँकेत ठेव आणि कर्ज दोन्ही असतील तर ठेवीतून कर्ज वळतं करून घेता येईल का, हे आदेशाच्या मजकुरात पाहावं. पुष्कळ आदेशांत तशी मुभा अटींसह असते. गृहनिर्माण संस्थांनीही देखभालीचा सगळा निधी एकाच बँकेत ठेवू नये. लिफ्टचं कंत्राट आणि पहारेकऱ्यांचे पगार अडले की भांडणं कमिटीशी होतात, बँकेशी नाही.

आता समजा तुमची बँक सुदृढ आहे आणि शेजारची अडकली. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

सर्वांत आधी, हातात खरोखर किती पैसा आहे ते मोजायचं. २०० कोटींच्या बँकेकडे १८ टक्के एसएलआर (ठेवींचा जो हिस्सा नियमाने सरकारी रोख्यांसारख्या ठिकाणी राखावाच लागतो तो) म्हणजे ३६ कोटींचे सरकारी रोखे असतात, म्हणून ‘आमच्याकडे ३६ कोटी आहेत’ असं संचालक सांगतात. ते वापरता येत नाहीत. एसएलआरच्या खाली गेलात तर तोच नियमभंग आणि दुसऱ्या दिवशीची बातमी. मोकळा पैसा म्हणजे तिजोरीतली रोकड, इतर बँकांतली चालू खाती, मोडता येतील अशा मुदत ठेवी आणि एसएलआरपेक्षा जास्त असलेले रोखे. एवढी बेरीज करून ती एकूण ठेवींच्या किती टक्के आहे, हे दर सोमवारी मंडळाला कळलं पाहिजे. इतर बँकांतल्या ठेवी मोडण्याऐवजी त्यांच्यावर ओव्हरड्राफ्टची सोय आधीच मंजूर करून ठेवली तर रोकड लवकर मिळते आणि ठेव मोडल्याने होणारं व्याजाचं नुकसान टळतं. ही मंजुरी शांततेच्या काळात घ्यायची असते. रांग लागल्यावर अर्ज केला तर समोरची बँकही विचारात पडते.

दुसरं, रोकड शाखेत पोहोचवणं. करन्सी चेस्ट, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा, असलेल्या बँकेला आदल्या दिवशी कळवावं लागतं. शाखेत ठेवायच्या आणि वाहतुकीतल्या रोकडीला विम्याची मर्यादा असते. ती ओलांडायची असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवून मर्यादा वाढवून घ्यावी. या घाईत हे विसरलं जातं आणि एखादा अपघात झाला तर भरपाई मिळत नाही. सुट्या नोटा मागवायच्या, कारण पाचशेच्याच नोटा असल्या तर काउंटरवर वेळ जातो आणि बाहेर रांग लांब दिसते. एटीएम कोरडं पडू द्यायचं नाही. एका एटीएमवर ‘पैसे उपलब्ध नाहीत’ असं दिसलं की त्याचा फोटो गावभर फिरतो.

तिसरं, पिग्मी एजंट. बँकेने पहिली बैठक घ्यायची ती यांची. हा माणूस दिवसाला शंभर दुकानांत जातो, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो आणि त्याचं तोंड पडलेलं दिसलं तर दुकानदाराला उत्तर मिळून जातं. मुख्य कार्यालय प्रेसनोट लिहीत बसलेलं असताना एजंटाला काहीच माहिती नसते, हा जवळजवळ सगळीकडचा प्रकार आहे. सकाळी आठला त्यांना बोलवा, खरे आकडे द्या, कुठल्या प्रश्नाला काय सांगायचं ते एका पानावर लिहून द्या आणि ज्याला माहीत नाही त्याने ‘साहेबांना विचारून संध्याकाळी सांगतो’ म्हणावं, एवढंच शिकवा.

शाखेत जादा काउंटर उघडावा, ज्येष्ठांना खुर्च्या द्याव्यात आणि वेळ संपल्यावरही आत आलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पैसे द्यावेत. मुदत ठेव मोडायला आलेल्याला व्याजाचं नेमकं नुकसान कागदावर लिहून दाखवावं: आज मोडली तर इतके, मुदतीला इतके. मग त्याने मोडायचं म्हटलं तर वाद न घालता मोडून द्यावी. ‘उद्या या’ हे दोन शब्द कॅशियरच्या तोंडून निघता कामा नयेत. मोठी रक्कम असेल तर लगेच आरटीजीएस करून द्यावं आणि संदेश आलेला दाखवावा. ज्याला मागताक्षणी पैसे मिळाले तो बाहेर जाऊन तेच सांगतो, त्याहून चांगला खुलासा नाही.

पूर्वी पाच वाजता बँक बंद झाली की रात्रभर उसंत मिळायची. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू आहे. आता खरी रांग मोबाइलवर, रात्री दहानंतर लागते आणि ती कोणाला दिसत नाही. म्हणून रात्रीच्या बाहेर जाणाऱ्या व्यवहारांवर नजर ठेवणारा माणूस नेमावा आणि क्लिअरिंगच्या खात्यात रात्रीसाठी पुरेशी रक्कम संध्याकाळीच भरावी. रात्री पैसे असूनही व्यवहार नाकारला गेला तर सकाळी दारात दुप्पट माणसं असतात.

खुलाशात काय लिहायचं? ‘आमची बँक भक्कम आहे’ हे अडकलेल्या बँकेनेही लिहिलेलं असतं. आकडे द्या: ठेवी, कर्जं, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत स्वतःचं भांडवल), निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता थकलेली कर्जं), मोकळा पैसा, आणि अडकलेल्या संस्थेकडे असलेली रक्कम, शून्य असेल तर शून्य. रिझर्व्ह बँकेच्या निकषांप्रमाणे आर्थिकदृष्ट्या सक्षम नागरी बँकेचा निव्वळ एनपीए ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. तुमचा असेल तर तो निकष शेजारी लिहा. ठेव विम्याबद्दल अचूक सांगा. फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, सगळ्या शाखांतली त्याच्या नावची खाती एकत्र धरून. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला तर ते वेगळं धरलं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम मिळायची तरतूद आहे: ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, ३० दिवसांत ठेव विमा महामंडळाने तपासायची, पुढच्या १५ दिवसांत पैसे. त्यासाठी ठेवीदाराने संमतीचा अर्ज आणि केवायसी द्यावं लागतं. ज्यांची केवायसी जुनी आहे त्यांचे पैसे मागे राहतात, हे आधीच सांगितलं तर लोक उपकार मानतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात दोन दिवसांत ९४ कोटी रुपये गेले. बँकेने रक्कम लगेच जाहीर केली, चोरी कशी झाली ते सांगितलं, ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेलेले नाहीत हे स्पष्ट केलं आणि खबरदारी म्हणून काही सेवा स्वतःहून बंद ठेवल्या. बँक आजही देशातल्या सर्वांत मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक आहे. नुकसान किती आणि ते कोणी सोसायचं, ही दोन उत्तरं पहिल्याच दिवशी मिळाली की शंकेला पुढे जायला फारशी जागा उरत नाही.

अफवा पसरवणाऱ्यावर पोलिसांत तक्रार जरूर करावी, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये तशी तरतूद आहे. पण तक्रारीची बातमी करू नये. जो मेसेज दोन हजार लोकांनी पाहिला होता तो त्या बातमीमुळे वीस हजार लोक शोधतात.

पतसंस्थांचं दुखणं वेगळं आणि मोठं आहे. पतसंस्थेतल्या सभासदाच्या ठेवीला बँकेसारखा ५ लाखांचा विमा नाही. संस्थेने बँकेत ठेवलेल्या रकमेला आहे, पण संपूर्ण संस्था मिळून एक ठेवीदार म्हणून ५ लाखच. दोन कोटी अडकले तरी ५ लाखच. तक्रार कुठे करायची, यातही गोंधळ असतो: राज्यात नोंदलेली पतसंस्था असेल तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे, मल्टीस्टेट असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे, आणि पैसे परत देण्यात लबाडी दिसली तर ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे.

ज्या प्रामाणिक पतसंस्थेचे पैसे खरोखरच एखाद्या बँकेत अडकले आहेत, तिने सभासदांपासून ते चार दिवसही लपवू नये. कुठल्या बँकेत किती, एकूण ठेवींच्या किती टक्के, त्यासाठी या वर्षी किती तरतूद करणार, लाभांश देणार की नाही, हे नोटीस बोर्डावर लावावं आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलावं. मुदतपूर्व पैसे कोणाला मिळतील, तर आजारपण, मृत्यू, शिक्षण, लग्न, याचा क्रम मंडळाने ठरवून लिहावा, म्हणजे ओळखीवर पैसे मिळतात अशी कुजबुज होत नाही. आणि अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापक यांच्या व त्यांच्या घरच्यांच्या ठेवी मुदतीआधी मोडल्या जाणार नाहीत, मुदत संपलेल्या ठेवींचं नूतनीकरण होईल, असा ठराव त्याच बैठकीत करून, त्या ठेवींची एकूण रक्कम आकड्यात लिहून, तो ठरावही त्याच बोर्डावर लावावा.